मासा उतरवायला बंदी, तरी मासा वाढेना: फ्लॅपर स्केटचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात प्राणिशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या विद्यार्थ्याला स्कॉटलंडच्या फ्लॅपर स्केटवर (पाकटासारखा मोठा, चपटा मासा) प्रबंध लिहायचा आहे. २००९ पासून बंदी असूनही हा मासा 'अतिसंकटग्रस्त' का? हॅचरीत (अंडी उबवण्याच्या केंद्रात) पिल्लं वाढवून समुद्रात सोडता येणार नाहीत का? आणि समुद्रापासून इतक्या लांब, पुण्यात बसून यावर काही उपयोगी काम होईल का?

तिसऱ्याचं उत्तर 'हो' आहे. पण पहिल्या दोघांचं नीट कळल्याशिवाय तिसऱ्यात हात घालू नका, नाहीतर भलतीच गोष्ट मोजत बसाल.

आधी बंदी नेमकी कशावर आहे ते बघा. २००९ मध्ये युरोपीय संघाने 'कॉमन स्केट' (फ्लॅपर तेव्हा याच नावात मोडायचा) बोटीवर ठेवणं आणि बंदरात उतरवणं बंद केलं. स्कॉटलंडने २०१२ मध्ये शार्क, स्केट आणि पाकटांसाठी स्वतःचा वेगळा आदेश काढला. यातलं काहीच मासा जाळ्यात येणं थांबवत नाही. तळावरून ओढलं जाणारं ट्रॉल जाळं कॉड आणि स्केट यांत निवड करत नाही. पूर्वी स्केट आला की विकला जायचा, आता परत पाण्यात टाकावा लागतो. टाकल्यावर तो जगतो की नाही हे जाळं किती वेळ ओढलं, जाळ्याच्या पिशवीत त्याच्यावर किती वजन पडलं, डेकवर तो किती वेळ राहिला यावर ठरतं. म्हणजे बंदरातला आकडा शून्य झाला, मृत्यू शून्य झाले नाहीत. उलट ते नोंदवहीतून गायब झाले. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याच्याशिवाय परिस्थिती आणखी बिघडली असती. पण 'बंदी आहे' या दोन शब्दांवर विसंबून प्रबंधाची प्रस्तावना लिहू नका.

आता मासा. फ्लॅपर स्केट, म्हणजे डिप्टुरस इंटरमीडियस, हा जगातल्या सर्वात मोठ्या स्केटपैकी एक. मादी २.८ मीटरपर्यंत लांब आणि १०० किलोच्या आसपास, कधी त्याहून जड. पूर्ण वाढलेली मादी दुहेरी पलंग भरून टाकेल. आपल्या कोकणातल्या पाकटांशी त्याचं नातं आहे, पण लांबचं. पाकट पिल्लांना जन्म देतं, स्केट अंडी घालतो. नेहमीच्या पाकटाची शेपटी चाबकासारखी बारीक आणि तिच्यावर विषारी काटा. स्केटची शेपटी जाड, काटेरी खवल्यांची, टोकाजवळ दोन छोटे पर, आणि डंख मुळीच नाही. शेपटीत अगदी कमी दाबाची वीज निर्माण करणारा अवयव मात्र असतो. भारतात खरे स्केट अजिबातच नाहीत असा समज आहे, तो चुकीचा: डिप्टुरस जोहानिसडेव्हिसी ही याच कुळातली छोटी जात १८९९ मध्ये अल्कॉक या प्राणिशास्त्रज्ञाने त्रावणकोर किनाऱ्याजवळच्या खोल पाण्यातून नोंदवली आहे. ती खोलवर असते, म्हणून किनाऱ्यावरच्या टोपलीत दिसत नाही.

मादी साधारण दोन मीटर लांब झाल्याशिवाय प्रजननक्षम होत नाही. नर थोडा आधी, १.८५ मीटरच्या आसपास. वाढ इतकी संथ की तिथवर पोचायला एक दशकाहून जास्त काळ जातो. मादी वर्षाला ४० पर्यंत अंडी घालते असं पूर्वीपासून लिहिलं जातं. हा वरचा अंदाज समजा, सरासरी नव्हे. कॉडची मोठी मादी एका हंगामात काही दशलक्ष अंडी सोडते, त्यामुळे त्या माशासाठी बनवलेले मत्स्यव्यवस्थापनाचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच सुमारे २५ सेंटीमीटर लांब असतं आणि त्याची रुंदी ट्रॉलच्या ८० ते १०० मिलिमीटरच्या आसातून (जाळ्याच्या भोकातून) निसटण्याइतकी कमी नसते. बहुतेक माशांना बालपणात जाळ्यापासून आपोआप सूट मिळते, स्केटला पहिल्या दिवसापासून मिळत नाही. मोठ्या स्केटबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

हे आकड्यांत मांडू. खालचे जगण्याचे दर मी उदाहरणासाठी घेतलेत, मोजलेले नाहीत, पण गणित खरं आहे. वर्षाला ४० अंडी, निम्म्या माद्या म्हणजे २०, त्यातली निम्मी फुटली असं धरा: दरवर्षी १० मादी-पिल्लं. प्रजननक्षम व्हायला १५ वर्षं. प्रौढ मादी दरवर्षी जगण्याची शक्यता ०.९५ असेल तर तिला सरासरी २० प्रजननवर्षं मिळतात (१ भागिले ०.०५).

पिल्लांचा वार्षिक जगण्याचा दर ०.८ असेल, तर १५ वर्षं टिकण्याची शक्यता ०.८ चा पंधरावा घात, म्हणजे सुमारे ०.०३५. १० पिल्लं गुणिले ०.०३५ गुणिले २० वर्षं: एका मादीमागे आयुष्यभरात ७ प्रौढ मुली. संख्या वाढते. आता पिल्लांचा दर ०.७ करा. पंधरावा घात ०.००४७५ होतो आणि मुलींची संख्या येते ०.९५. एकाच्या खाली, म्हणजे संख्या घसरणीला लागली. दरवर्षी शंभरातली फक्त दहा पिल्लं जास्त मेली आणि सात पटींहून अधिक फरक पडला. त्यात प्रौढांचा दर ०.९५ वरून ०.८५ केला तर प्रजननवर्षं २० वरून सुमारे पावणेसातवर येतात आणि मुली ०.३ च्या आसपास.

हॅचरीचं उत्तर याच गणितात आहे. समजा हॅचरीने चमत्कार केला आणि निम्म्याऐवजी सगळीच्या सगळी अंडी फुटली. ०.९५ चे १.९ होतील. दुसरीकडे हॅचरी नाही, पण पिल्लांचा जगण्याचा दर ०.७ वरून फक्त ०.७५ वर आला, तर पंधरावा घात ०.०१३४ होतो आणि मुलींची संख्या २.७ वर जाते. पाच टक्क्यांची जाळ्यातली सवलत परिपूर्ण हॅचरीवर मात करते. एक्सेलमध्ये दहा मिनिटांत होणारं हे काम आहे. प्रबंधाचा पहिला आलेख हाच करा: आडव्या अक्षावर पिल्लांचा दर, उभ्यावर मुलींची संख्या, आणि प्रौढांच्या तीन-चार दरांसाठी वेगवेगळ्या रेषा. परिपक्वतेचं वय १२ आणि १८ धरूनही काढा, म्हणजे आपली अनिश्चितता कुठे सर्वात महाग पडते ते दिसेल.

हॅचरीला व्यवहारातल्याही अडचणी आहेत. शंभर किलोच्या, दोन-अडीच मीटरच्या माद्यांना वळायला जागा असलेल्या टाक्या, वर्षभर दहा-अकरा अंशांचं स्वच्छ समुद्राचं पाणी, आणि अंडं फुटायला लागणारा वेळ. हा वेळ बऱ्याच जणांना खरा वाटत नाही. बंदिस्त पाण्यात पूर्णपणे उबवलेल्या पहिल्या नोंदीत, स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर, अंडं घातल्यापासून ५३४ दिवसांनी पिल्लू बाहेर आलं. हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. संशोधकांनी हिशेब अंश-दिवसांत मांडला: दररोजचं सरासरी तापमान बेरजेत टाकत जायचं, बेरीज सुमारे ५,७०० झाली की पिल्लू तयार. म्हणजे पाणी सरासरी ९.५ अंश असेल तर ६०० दिवस, १० अंश असेल तर ५७०, १२ अंश असेल तर ४७५. एकाच अंड्यावरचा आकडा आहे, तेव्हा दशांशापर्यंत ताणू नका. शिवाय तापमान आणि वाढ यांचं नातं ठरावीक टप्प्यातच सरळ रेषेत राहतं, पाणी जास्त तापलं तर भ्रूण लवकर तयार होण्याऐवजी मरतो. तळाशी तापमान नोंदवत राहणारं यंत्र (लॉगर) ठेवलं असेल, तर सापडलेल्या पिल्लाच्या वयावरून अंडं साधारण कोणत्या ऋतूत घातलं हे मागे जाऊन काढता येतं. लॉगर नसेल तर उपग्रहाचं पृष्ठभागाचं तापमान वापरायचा मोह आवरा, उन्हाळ्यात चाळीस मीटर खाली पाणी बरंच थंड असतं.

दीड वर्ष एका जागी पडून राहणाऱ्या अंड्याला काय काय होऊ शकतं, हा संवर्धनाचा अर्धा विषय. अंड्याची पिशवी तपकिरी, बाहेरून तंतुमय थराने झाकलेली, शिंगं वगळून १३ ते २३ सेंटीमीटर लांब, चारही कोपऱ्यांना शिंगं. सुरुवातीला ती पूर्ण बंद असते. पुढे शिंगांजवळच्या फटी उघडतात आणि आतला भ्रूण शेपटी हलवून पाणी खेळतं ठेवतो. तिथून पुढे गाळ घातक ठरतो: बारीक माती फटीत बसली की प्राणवायू तुटतो. म्हणून माद्या खडकाळ, दगडगोटे पसरलेला, हलका प्रवाह असलेला आणि गाळ न साचणारा तळ निवडतात. काही सागरी गोगलगायी पिशवीला भोक पाडून आतला बलक खातात. आणि माणसाकडून होणारं सर्वात थेट नुकसान म्हणजे शिंपल्यांसाठी तळ खरवडणारं ड्रेज. एका फेरीत दगड उलटतात, पिशव्या चिरडतात, वर उठलेला गाळ उरलेल्यांवर बसतो.

स्काय बेटाजवळच्या इनर साउंडमध्ये शिंपले वेचणाऱ्या पाणबुड्यांना अशी जागा सापडली. साधारण २५ ते ५० मीटर खोलीवर शंभराहून अधिक अंडी मोजली गेली, आणि मार्च २०२१ मध्ये स्कॉटिश सरकारने 'रेड रॉक्स अँड लाँगे' हे क्षेत्र तातडीच्या अधिकारात संरक्षित केलं. २०२३ मध्ये ते कायम झालं. आकाराने छोटं आहे, पण घटनाक्रम बघा: स्थानिक पाणबुड्यांनी सांगितलं, सर्वेक्षण झालं, आणि सरकारने पूर्ण संख्या-अंदाजाची वाट न बघता निर्णय घेतला. मला हे गेल्या काही वर्षांतलं सर्वात समंजस पाऊल वाटतं, कारण अंडी घालायची जागा माद्या पुन्हा पुन्हा वापरत असतील तर अशी एक जागा गमावणं म्हणजे अनेक माद्यांची अनेक वर्षांची मेहनत गमावणं.

दुसरं क्षेत्र मोठं: 'लॉख सुनार्ट टू द साउंड ऑफ ज्युरा', सुमारे ७४१ चौरस किलोमीटर, २०१४ मध्ये जाहीर झालं, मासेमारीवरचे नियम २०१६ मध्ये लागू झाले. हे मुख्यतः फ्लॅपर स्केटसाठी आहे. इथे जलप्रवाहांनी आणि हिमनद्यांनी कोरलेले शंभर ते दीडशे मीटरहून खोल चर आहेत, आणि प्रौढ स्केट त्यांत राहतात. प्रश्न साहजिक पडतो: इतका मोठा पोहणारा मासा नकाशावरच्या रेषेत राहील का? टॅगचं, म्हणजे माशाला लावलेल्या नोंद घेणाऱ्या छोट्या यंत्रांचं, उत्तर मिश्र आहे. काही मासे महिनोन्महिने त्याच भागात आढळतात, वर्षांनी तिथेच पुन्हा गळाला लागतात. काही येतात आणि निघून जातात. क्षेत्र उपयोगी पडायला सगळ्यांनी आत राहायची गरज नसते. वरच्या गणिताप्रमाणे, आत राहणाऱ्यांचा वार्षिक दर थोडा सुधारला तरी परिणाम मोठा. संरक्षणानंतर तिथल्या माशांचं जगणं सुधारल्याचे आणि गळाला लागण्याचं प्रमाण वाढल्याचे निष्कर्ष आता येऊ लागले आहेत.

टॅगबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण विद्यार्थी इथे हमखास घसरतात. प्रकाशावरून अक्षांश-रेखांश काढणारे टॅग शंभर मीटर खाली, ढगाळ उत्तरेत, निरुपयोगी. म्हणून ध्वनी टॅग आणि खोली नोंदवणारे टॅग वापरतात. ध्वनी टॅग तळाशी बसवलेल्या ठरावीक श्रवणयंत्रांजवळून मासा गेला तरच नोंद देतो. नोंद नाही याचा अर्थ मासा नाही असा होत नाही. वादळात, लाटांच्या आवाजात, चराच्या खडकाआड ऐकू येण्याचं अंतर खूप घटतं. खोलीच्या नोंदी मात्र दर काही मिनिटांनी येत राहतात आणि समुद्रतळाच्या तपशीलवार नकाशावर ठेवल्या तर मासा कुठे असू शकत नाही हे बरंच नेमकं सांगता येतं: तळाशी टेकलेल्या माशाने १५० मीटर नोंदवलं असेल, तर १०० मीटरचा सगळा पठारी भाग बाद.

आता नावांच्या गोंधळाकडे येतो, कारण आपल्याकडच्या कामाला तो थेट लागू आहे. १९२६ पासून 'कॉमन स्केट' ही एकच जात धरली जात होती. १९८१ मध्ये ब्रँडर या मत्स्यशास्त्रज्ञाने आयरिश समुद्रातून ती जवळपास नाहीशी झाल्याचं दाखवलं, औद्योगिक मासेमारीने सागरी मासा एखाद्या भागातून संपतो याचं ते ठळक उदाहरण ठरलं. पण २००९-१० मध्ये आकार, जनुकं आणि अंड्यांच्या पिशव्या तपासल्यावर कळलं की त्या एका नावाखाली दोन जाती होत्या. छोटी, ब्लू स्केट, दीड मीटरच्या आत थांबते. मोठी, फ्लॅपर, तिच्या जवळपास दुप्पट. ओळखायला डोळ्याची बाहुली बघा: ब्लूच्या बाहुलीभोवती फिकट पिवळं कडं, फ्लॅपरच्या गडद ऑलिव्ह. ब्लूच्या प्रत्येक पंखावर फिकट कडं असलेला एक डोळ्यासारखा ठिपका, फ्लॅपरवर त्याच जागी बारीक ठिपक्यांचा पुंजका.

हे नुसतं वर्गीकरणाचं भांडण नाही. जुन्या नोंदीत छोटी, लवकर प्रजननक्षम होणारी जात आणि मोठी, उशिरा होणारी जात एकत्र धरली होती. परिपक्वतेचा सरासरी आकार दोघींपैकी कोणाचाच नव्हता. त्याहून घातक प्रकार २००० मध्ये डल्वी आणि सहकाऱ्यांनी दाखवला: 'स्केट आणि रे' (रे म्हणजे पाकट) अशी एकत्र नोंद होणाऱ्या मासळीचं एकूण वजन स्थिर दिसत होतं, कारण मोठ्या जाती संपत असताना छोट्या जातींचा वाटा वाढत होता. आलेख सपाट, मोठे मासे गायब.

पुण्यात बसून काय करता येईल, ते इथून पुढे.

पहिला पर्याय फोटोंवरून ओळख. फ्लॅपर स्केटच्या पाठीवरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक माशाची वेगळी असते आणि वर्षानुवर्षं टिकते. स्कॉटलंडमध्ये गळाने मासे धरून सोडणारे लोक पाठीचा फोटो पाठवतात आणि 'स्केटस्पॉटर' या संग्रहात तो जुन्या फोटोंशी जुळवला जातो. ओबानमधली सागरी विज्ञान संस्था आणि नेचरस्कॉट ही सरकारी यंत्रणा तो चालवतात. संग्रह चालवणाऱ्यांना रीतसर लिहून, नावं-ठिकाणं गाळलेल्या नोंदी मागता येतात. फोटो परस्पर उतरवून वापरू नका.

जुळवणीचं काम असं करा. फोटो फिरवून नाक वर, शेपटी खाली. फक्त मधला पट्टा घ्या, डोळ्यांपासून श्रोणीच्या परांपर्यंत (शेपटीच्या मुळाजवळची परांची मागची जोडी). पंखांच्या कडा वाकतात, तिथले ठिपके दर फोटोत सरकतात. तीन स्थिर बिंदू ठरवा: दोन डोळे आणि शेपटीचं मूळ. मग निदान डझनभर ठळक ठिपके. आय-थ्री-एस सारखी मोफत सॉफ्टवेअरं हाच मार्ग वापरतात, उमेदवार सुचवतात, शेवटचा निर्णय डोळ्यांनी करायचा. ३० अंशांपेक्षा तिरका फोटो असेल तर वेगळा ठेवा. ओल्या पाठीवरची चमक ठिपका समजली जाते आणि जाळ्याचे ओरखडेही, म्हणून एकाच फोटोतल्या फिकट, लांबट खुणा मोजू नका.

चूक दोन प्रकारची: एकच मासा दोन समजणं आणि दोन मासे एक समजणं. पहिली जास्त होते आणि ती संख्या फुगवते. पहिल्या फेरीत १०० मासे, दुसऱ्या फेरीत १००, त्यातले २० पूर्वीचे: साध्या लिंकन-पीटरसन सूत्राने १०० गुणिले १०० भागिले २०, म्हणजे ५०० मासे. त्या वीसपैकी चार जोड्या तुमच्या नजरेतून सुटल्या तर १६ उरतात आणि उत्तर येतं ६२५. चार चुका, २५ टक्के वाढ, आणि तीही 'मासे वाढले' या सुखद दिशेने. म्हणून काम सुरू करण्याआधी माहीत असलेल्या ५० जोड्या अनोळखी फोटोंत मिसळून दोघांनी एकमेकांना न विचारता जुळवा, किती सुटल्या ते मोजा, आणि तो दर निकालात लिहा. संख्येपेक्षा जगण्याचा दर काढायचा असेल तर कॉर्मॅक-जॉली-सीबर पद्धत वापरा. ती देते तो 'दिसणारा' जगण्याचा दर: कायमचा निघून गेलेला मासा तिच्या लेखी मेलेलाच. आणि गळवाले ठरावीक जागीच जातात, हे विसरून अख्ख्या किनाऱ्याचे निष्कर्ष काढू नका.

गळवाल्यांच्या हाताळणीची माहितीही प्रबंधात हवी, कारण सोडलेला मासा जगला तरच फोटोचा अर्थ. बिनकाट्याचा किंवा गोल गळ, म्हणजे तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. टोचून वर ओढायचा आकडा वापरायचा नाही. डोळ्यामागच्या श्वासछिद्रांत किंवा कल्ल्यांत बोटं घालून उचलायचं नाही, शेपटीने तर नाहीच: पाण्याबाहेर अवयवांना आधार देणारा हाडांचा सांगाडा या माशाला नाही. शक्यतो बोटीच्या कडेला पाण्यातच ठेवून गळ काढायचा. वजनकाट्याला टांगण्याऐवजी लांबी-रुंदी मोजून तक्त्यावरून वजन काढायचं. गळ खोल गेला असेल तर ओढत बसण्यापेक्षा दोरा जवळून कापलेला बरा.

दुसरा पर्याय घरचा: महाराष्ट्रातली पाकटं आणि त्यांची भावंडं. इथेही अनेक जाती वजनकाट्यावर एकत्र मोजल्या जातात आणि वर सांगितलेला सपाट आलेखाचा धोका तोच. कायद्यातही नावांचा घोळ आहे. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत करवत मासे आणि काही शार्क-पाकटांबरोबर ऱ्हिंकोबेटस जिडेन्सिस (पाकटाचा लांबट अंगाचा नातेवाईक) हे नाव आलं. आजच्या वर्गीकरणात ती आफ्रिकेच्या बाजूची जात मानली जाते. भारतीय किनाऱ्यावर मिळतात त्या ऱ्हिंकोबेटसच्याच लेव्हिस, ऑस्ट्रेलिए वगैरे जाती. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या, तेव्हा जुन्या पाठ्यपुस्तकातली यादी वापरू नका, राजपत्रातली ताजी यादी काढा.

पुण्यातला गणेश पेठेचा मासळी बाजार या कामाला फारसा उपयोगी नाही, कारण कापलेल्या तुकड्यावरून जात ठरत नाही आणि मासा कुठून आला हेही कळत नाही. त्यासाठी सकाळी उतरणारा माल हवा: ससून डॉक, हर्णे, रत्नागिरीचं मिरकरवाडा, मालवण. प्रत्येक माशाचे तीन फोटो: वरून पूर्ण, खालून तोंड-नाकपुड्या-कल्ले दिसतील असा, आणि शेपटीचा मुळापासून टोकापर्यंत. बाजूला मोजपट्टी. पाकटाची पूर्ण लांबी घेऊ नका, काटा टाळण्यासाठी बोटीवरच शेपटी तोडलेली असते. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतची रुंदी घ्या. नराच्या श्रोणीजवळचे दोन क्लास्पर (समागमाचे दांड्यासारखे अवयव) मोजा आणि बोटांनी दाबून पहा: कडक असतील तर प्रौढ. मादीचं बाहेरून सांगता येत नाही, तिथे रिकामी जागा सोडा, अंदाज लिहू नका.

डीएनए करायचा असेल तर स्नायूचा २५ मिलिग्रॅमचा तुकडा, ९५ टक्के इथेनॉलमध्ये, एका दिवसाने इथेनॉल बदलून. फॉर्मॅलिनमध्ये टाकलं तर नमुना वाया. सीओआय जनुकाचा सुमारे ६५५ बेसचा भाग वाचून सार्वजनिक संग्रहाशी जुळवतात. तिथल्या नोंदींतही चुकीची नावं चढलेली आहेत, म्हणून पहिल्याच जुळणीवर न थांबता पहिल्या दहा नोंदी कोणी, कुठून आणि फोटोसह दिल्यात का हे बघा. आणि नमुना घेण्याआधी परवानगी. अनुसूचीतल्या जातीचा तुकडाही बाळगणं गुन्हा ठरू शकतो, अभ्यासासाठी घेतला होता हे नंतर सांगून भागत नाही. मार्गदर्शकांमार्फत वन विभागाला आधी लिहा, आणि ओळख पटवायला आकुर्डीतलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र हाताशी आहेच.

कोकणातल्या वाळूत सापडणाऱ्या छोट्या चामडी पिशव्या स्केटच्या समजून कोणी दाखवल्या तर घाई करू नका. त्या बहुधा बांबू शार्कच्या असतात आणि त्यांना स्केटसारखी लांब शिंगं नसतात. वाळलेली पिशवी आकसते, तेव्हा मोजण्याआधी काही तास पाण्यात भिजवून ठेवा.

हॅचरीच्या बाजूने एक उदाहरण मात्र द्यायलाच हवं, नाहीतर वरचं गणित सर्वत्र लावाल. टास्मानियाचा मॉजियन स्केट, २००७ मध्ये नाव मिळालेली छोटी जात, आज फक्त मॅक्वारी हार्बर या एका खाडीत निश्चितपणे उरली आहे. २०१४ ते २०२१ दरम्यान तिची संख्या जवळपास निम्म्यावर आली. तिथे मुख्य संकट जाळ्याचं नाही. खाडीच्या खोल पाण्यातला विरघळलेला प्राणवायू घटला, आणि त्यात सॅल्मन शेतीच्या सांडपाण्याचा वाटा मोठा. आख्खी जात एका खाडीत असल्याने एका वाईट वर्षात सगळं संपू शकतं, म्हणून बंदिस्त संख्या राखून ठेवणं तिथे योग्यच आहे. तसे प्रयत्न सुरू आहेत, आणि पाण्यात प्राणवायू सोडण्याचे प्रयोगही. म्हणून तुमच्या प्रबंधात उपाय सुचवण्याआधी एक तक्ता करा: या जातीचे मृत्यू आयुष्याच्या कोणत्या टप्प्यात आणि कशामुळे होतात. फ्लॅपरच्या तक्त्यात जाळ्याचा स्तंभ भरेल, मॉजियनच्या तक्त्यात प्राणवायूचा, आणि कोकणातल्या पाकटांच्या तक्त्यात सध्या बरेच रकाने रिकामे राहतील. त्यातला एक भरण्याइतपतच विषय घ्या, दोन सत्रांत तेवढंच होतं.